ओळीवर बोट: पुराणकथा आणि कविता मुलांसोबत वाचताना

शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या ऐरोलीच्या सोसायटीतल्या छोट्या हॉलमध्ये सात-आठ मुलं वाचायला येतात. पाचवीपासून दहावीपर्यंतची, काही मराठी माध्यमाची, बरीचशी इंग्रजी माध्यमाची. ठाण्यात अनेक वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर मी हे सुरू केलं. गेल्या पावसाळ्यात सातवीतल्या एका मुलीने चाचणीचा पेपर पुढे केला. उतारा बाळ मारुतीचा होता. उगवता सूर्य त्याला पिकलेलं फळ वाटला, त्याने झेप घेतली, इंद्राने वज्र मारलं, ते हनुवटीला लागलं आणि तेव्हापासून त्याला हनुमान म्हणू लागले. प्रश्न होता, 'या कथेत कोणत्या गोष्टीचं कारण सांगितलं आहे?' तिने लिहिलं होतं, 'माणसाने कधीही हाव धरू नये.' गुण शून्य.

"बाई, पण तात्पर्य तर हेच आहे ना?" ती रडवेली झाली होती.

उत्तर उताऱ्यात होतं, शेवटच्या वाक्यात, अगदी डोळ्यांसमोर. ते तिने वाचलंही होतं. पण कथा म्हटली की बोध आणि कविता म्हटली की संदेश, हे तिच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं की प्रश्न काय विचारतोय तिकडे लक्षच गेलं नाही. त्यात तिचा दोष नाही. ती सवय आम्ही शिक्षकांनीच लावली. मी स्वतः कित्येक वर्षं धडा संपला की फळ्यावर 'तात्पर्य' लिहून खाली रेघ मारत आले. मुलं ते उतरवून घ्यायची आणि धडा विसरायची.

पुराणकथा आणि कविता या दोन्ही एक गोष्ट दाखवून दुसरी सुचवतात. म्हणूनच आधी दाखवलेली गोष्ट नीट बघावी लागते, सुचवलेली तिच्यातूनच वर येते. माझ्या वर्गात त्यासाठी एकच नियम आहे: जे म्हणायचं ते म्हण, पण कोणत्या ओळीवरून म्हणतोस तिथे बोट ठेव. खालच्या सगळ्या पायऱ्या या नियमातूनच निघाल्या आहेत. २०२० च्या कायद्याने राज्यात सगळ्या मंडळांच्या शाळांमध्ये मराठी सक्तीची झाली. त्यामुळे ज्या घरांत आईबाबा स्वतः इंग्रजी माध्यमात शिकले, तिथेही आता संध्याकाळी मराठीचं पुस्तक उघडलं जातं. असे पालक मला डोळ्यांसमोर आहेत.

पहिली पायरी: समोर आहे ते काय आहे?

उतारा हातात आला की मुलाला आधी एवढंच विचारा: ही कुठल्या जातीची गोष्ट आहे? मुलं सगळ्यालाच 'स्टोरी' म्हणतात. पण पुराणकथेला विचारायचे प्रश्न वेगळे आणि बोधकथेला वेगळे.

ससा-कासवाची गोष्ट ही बोधकथा. ती बोधासाठीच रचलेली असते, तिथे तात्पर्य विचारलं तर योग्यच. भोपळ्यात बसून लेकीकडून परत निघालेली म्हातारी ही लोककथा. तिचा कुणी एक लेखक नाही, ती तोंडोतोंडी आली. तिच्यात मजा आहे ती युक्तीची आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठेक्याची. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेली हिरकणी ही आख्यायिका. एक खरी जागा, एक खरा काळ आणि त्याभोवती लोकांनी प्रेमाने विणलेली गोष्ट. पुराणकथेत देव, ऋषी, राक्षस येतात हे तर खरंच, पण तिची खरी खूण म्हणजे तिच्या शेवटी जगात काहीतरी नवं आलेलं असतं. एखादं नाव, एखादी नदी, एखादा सण, एखादा भूभाग.

आपल्या पायाखालचंच उदाहरण घ्या. ठाणे हे उत्तर कोकण. सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी कशी आली? परशुरामाने जिंकलेली सगळी पृथ्वी कश्यप ऋषींना दान दिली. दान दिलेल्या जमिनीवर राहायचं कसं, म्हणून त्याने समुद्राला मागे हटायला लावलं. कुणी म्हणतं बाण मारून, कुणी म्हणतं परशू फेकून. समुद्र हटला, कोकण वर आलं. कथेच्या शेवटी नवं काय आलं? जमीन. मुलांना हे चटकन पटतं, कारण खाडीकाठी भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारती ती रोज बघतात.

इथे एक प्रश्न हमखास येतो: "बाई, हे खरं आहे की खोटं?" तो झटकू नका, आणि मुलाच्या घरची श्रद्धाही दुखवू नका. मी सांगते, "भूगोलाच्या तासाला कोकण कसं झालं ते वेगळं शिकशील, आणि तेही नीट शिक. इथे आपण बघतोय की या किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांना आपली जमीन कशी वाटत होती. समुद्राकडून मागून घेतलेली. तसं वाटलं नसतं तर ही गोष्ट सुचली असती का?" सहावीच्या पुढच्या मुलांना हे पूर्ण समजतं.

दुसरी पायरी: माहीत असलेली गोष्ट बाजूला ठेवणं

ही पायरी हुशार मुलांसाठी जास्त गरजेची. ज्यांनी आजीकडून गोष्टी ऐकल्या आहेत, टीव्हीवर मालिका बघितल्या आहेत, ती मुलं उतारा वाचतच नाहीत. डोक्यातली गोष्ट लिहून मोकळी होतात.

पुराणकथांना अनेक रूपं असतात. सीतेभोवती लक्ष्मणाने रेषा आखली, हे आपण सगळेच धरून चालतो. वाल्मीकींच्या रामायणात त्या प्रसंगी अशी रेषा नाही. शबरीने बोरं चाखून, गोड तेवढीच रामाला दिली हेही वाल्मीकी सांगत नाहीत, ते पुढच्या परंपरेतून आलं. मुलांना हे सांगितलं की ती आधी दचकतात, मग त्यांना गंमत वाटते. कुणाची गोष्ट चूक, असं यातून काढायचं नाही. प्रत्येक सांगणारा काहीतरी घालतो, काहीतरी गाळतो. परीक्षेत उत्तर द्यायचं ते समोरच्या सांगणाऱ्याच्या गोष्टीवरून.

यासाठी एक सोपा सराव आहे. उतारा वाचून झाला की वहीच्या पानाच्या मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे 'उताऱ्यात आहे', उजवीकडे 'मला आधीपासून माहीत आहे'. बाळ मारुतीच्या उताऱ्यानंतर त्या मुलीने उजवीकडे लिहिलं होतं: वायुदेव रागावला, त्याने वाहणं थांबवलं, सगळ्यांचे श्वास कोंडले, मग देवांनी मारुतीला वर दिले. सगळं बरोबर. पण चाचणीच्या उताऱ्यात यातलं अक्षरही नव्हतं. उजवी बाजू फुकट जात नाही. 'तुमचे मत लिहा' असा प्रश्न आला की तिचाच उपयोग होतो.

तिसरी पायरी: दोन मुलं, एक सूर्य

कथेचा सांगाडा काढायला मी पाच प्रश्न देते. कुणाला काय हवंय? आडवं काय आलं? मदत कुणाची झाली? शेवटी कोण बदललं? आणि जगात नवं काय आलं? पहिले चार कुठल्याही गोष्टीला चालतात, पाचवा पुराणकथेचा.

हे प्रश्न अंगी मुरवायला दोन देशांतल्या दोन कथा शेजारी ठेवून बघा. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना शाळेत ग्रीक कथा भेटतात, त्यांतला इकारस मला मारुतीच्या शेजारी बसवायला फार आवडतो. क्रीट बेटाच्या मिनोस राजाने डेडालस नावाच्या कारागिराला आणि त्याच्या मुलाला, इकारसला, अडकवून ठेवलं होतं. बापाने पिसं आणि मेण जोडून पंख केले. मुलाला बजावलं, फार खाली उडू नकोस, समुद्राच्या पाण्याने पिसं भिजतील. फार वर जाऊ नकोस, मेण वितळेल. उडण्याच्या आनंदात मुलगा वर वर गेला, मेण वितळलं, तो समुद्रात पडला. त्या समुद्राला त्याचं नाव मिळालं.

आता मुलांना बोलू द्या. दोन्हीकडे एक मुलगा सूर्याकडे जातो. दोन्हीकडे पडतो. दोन्हीकडे बाप आहे, एकाचा वारा, एकाचा कारागीर. दोन्ही कथा शेवटी एका नावाचं कारण सांगतात! हे मुलांनी स्वतः शोधलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग फरक. इकारसला बजावलेलं होतं, मारुतीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. इकारसचे पंख उसने होते, मारुतीचं बळ जन्माचं. इकारस मरतो, मारुती वाचतो आणि आधीपेक्षा बलवान होतो.

त्या मुलीला मी विचारलं, "मग 'हाव धरू नये' हे कुठल्या कथेला लागू पडतं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई, मारुतीला तर नाहीच. त्याला शिक्षा झाली, पण नंतर वर मिळाले. हाव वाईट असं सांगायचं असतं तर वर कशाला दिले असते?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "इकारसलापण हाव नाही म्हणता येणार. त्याला फक्त मजा येत होती." बारा वर्षांच्या मुलीचं हे वाचन आहे. तीच मुलगी, तोच उतारा. फक्त या वेळी कुणी तात्पर्य विचारलं नव्हतं.

चौथी पायरी: भाषेत लपलेल्या कथा

पुराणकथांकडून कवितेकडे जाणारा पूल आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. भगीरथ प्रयत्न, त्रिशंकू अवस्था, कुंभकर्णी झोप, सुदाम्याचे पोहे, द्रौपदीची थाळी, लंकेची पार्वती, चौदावं रत्न दाखवणं, हलाहल पचवणं, रामबाण उपाय, मारुतीच्या शेपटीसारखं लांबलेलं काम. मराठी बोलणारा माणूस दिवसातून एकदा तरी यातलं काही बोलतो. मुलांना मात्र यातले निम्मे शब्द कोरे असतात. कवी 'भगीरथ' एवढा एकच शब्द लिहितो आणि त्याच्या मागे उभी असलेली अख्खी कथा वाचकाला माहीत आहे असं धरतो. मुलगा तिथेच अडकतो.

यासाठी एक वही करा. दर आठवड्याला दोनच शब्द. शब्द, त्यामागची कथा चार ओळींत, आज आपण तो कधी वापरतो, आणि स्वतःचं एक वाक्य. नुसता अर्थ पाठ करून भागत नाही. 'भगीरथ प्रयत्न म्हणजे खूप मोठे प्रयत्न' हे अर्धंच झालं. सगर राजाचे साठ हजार पुत्र कपिल मुनींच्या क्रोधाने भस्म झाले. त्यांच्या उद्धारासाठी गंगा खाली आणायची होती. नातू अंशुमान झटला, जमलं नाही. त्याचा मुलगा दिलीप झटला, जमलं नाही. दिलीपाच्या मुलाने, भगीरथाने, तप करून ती आणली, आणि तिचा वेग शंकराच्या जटांनी झेलला. म्हणजे भगीरथ प्रयत्न हे पिढ्यान् पिढ्या अडलेलं काम तडीला नेण्याचे प्रयत्न. रात्रभर जागून प्रोजेक्ट पूर्ण केला त्याला हा शब्द नाही चालणार. त्रिशंकूचंही तसंच. सदेह स्वर्गाला निघालेला, इंद्राने खाली ढकललेला, विश्वामित्रांनी मध्येच थोपवलेला. ना इकडचा ना तिकडचा. एका मुलाने वाक्य केलं होतं: 'दिघ्याला गाडी बंद पडली, आम्ही ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये त्रिशंकू झालो.' मी त्याला शाबासकी दिली.

लंकेची पार्वती म्हणजे अंगावर दागिना नसलेली बाई, सुदाम्याचे पोहे म्हणजे गरिबाने प्रेमाने दिलेली साधी भेट. असे शब्द घरच्या जेवणाच्या वेळी आपोआप येतात. आजी-आजोबा असतील तर ही वही त्यांच्या हाती द्या.

पाचवी पायरी: कविता आधी कानाने

आता कविता. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यायचा.

परीक्षेत अनोळखी कविता आली तर काय करायचं हे दाखवण्यासाठी मी मुलांसाठी स्वतःच एक छोटी कविता लिहिली. वाशीचा खाडीपूल ओलांडताना हिवाळ्यात खाली चिखलात उभे असलेले गुलाबी रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, आपल्याकडच्या प्रत्येकाने पाहिलेले असतात. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये त्यांच्यासाठीच जाहीर झालं.

खाडी ओहटली तशी
उघडली काळी पाटी;
पाखरांनी गिरवली
अक्षरे कुणाच्यासाठी?

एका पायावर उभे
गुलाबी ध्यानस्थ मुनी;
पुलावर गच्च गाडी,
खिडकीत नाही कुणी.

भरती आली हळूच,
पुसली सारी अक्षरे;
भगीरथ विचारतो,
'पाणी गंगेचे का खरे?'

पहिलं वाचन मोठ्याने, आणि हातात पेन्सिल नको. मुलं कविता हाती आली की लगेच शब्दांखाली रेघा मारू लागतात. पहिल्यांदा फक्त ऐकायचं. टाळी वाजवत अक्षरं मोजायला सांगा: खा-डी-ओ-ह-ट-ली-त-शी. आठ. पुढची ओळ आठ, तिच्यापुढची आठ. जोडाक्षर एकच मोजायचं, म्हणून 'अक्षरे' ची तीन. हा अष्टाक्षरी छंद. यमक कुठे जुळतं? पाटी-साठी, मुनी-कुणी, अक्षरे-खरे, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत. पाचवीतलं मूलही हे करतं आणि कवितेची भीती इथेच अर्धी जाते.

दुसरं वाचन चित्रासाठी. मुलाला म्हणा, तू फोटो काढतोयस असं समज. कुठे उभा आहेस? खाडीजवळ. वेळ कुठली? कवितेत सकाळ-संध्याकाळ दिलेली नाही, फक्त ओहोटी आणि मग भरती. म्हणजे एका जागी काही तास उभं राहून पाहिलेलं हे दृश्य आहे. काळी पाटी म्हणजे काय? उघडा पडलेला चिखल. अक्षरं कसली? पक्ष्यांच्या पायांचे ठसे. इथपर्यंत कुठलाही खोल अर्थ काढू द्यायचा नाही. "बाई, कवीला पर्यावरणाचं रक्षण करा असं सांगायचंय," म्हणून एक जण लगेच हात वर करतोच. त्याला सांगा, थांब, आधी फोटो पुरा कर.

तिसऱ्या वाचनात शोधायच्या त्या अडकवणाऱ्या जागा. जिथे साधा अर्थ लागत नाही, वाक्य विचित्र वाटतं, तिथे खूण करायची. कवितेचं दार बहुतेक वेळा अशाच जागी असतं. या कवितेत मुलांना तीन जागा अडवतात.

पहिली, पक्ष्यांना मुनी का म्हटलं? बोट कुठे? 'एका पायावर उभे'. पुराणातले तपस्वी एका पायावर उभे राहून तप करतात, ध्रुवाची कथा आठवा. पक्षीही एका पायावर, स्तब्ध. चौथ्या पायरीवरची वही इथे कामाला येते.

दुसरी जागा माझी सगळ्यात आवडती. गाडी गच्च भरलेली आहे आणि खिडकीत कुणी नाही, हे कसं? वर्गात एकदा यावरून अर्धा तास वाद झाला. एक जण म्हणाला, छपाईची चूक. दुसरा म्हणाला, सगळे दारात लटकलेत. मग आठवीतला एक मुलगा, जो रोज वडिलांबरोबर हार्बर लाइनने जातो, हळूच म्हणाला, "सगळे मोबाइलमध्ये बघतात. खिडकीत माणूस असतो, पण बघणारा नसतो." बोट कुठे? 'गच्च' आणि 'नाही कुणी' या दोन शब्दांच्या भांडणावर. मोबाइल हा शब्द कवितेत नाही, त्यामुळे उत्तरात तो 'कदाचित' लावून लिहायचा. 'लोक आहेत पण पाहत नाहीत' हे मात्र ठाम लिहायचं, कारण ते त्या दोन ओळींतूनच निघतं. कवितेत असलेलं आणि आपण तिला जोडलेलं यांतला हा फरक मुलाला एकदा समजला की त्याचं आकलन एकदम वरच्या इयत्तेत जातं.

तिसरी जागा भगीरथ. गंगा आणणारा माणूस पाण्याकडे पाहून विचारतो, हे खरंच गंगेचं का? तो प्रश्न का पडावा? इथे, आणि इथेच, खाडीच्या मैल्या पाण्याची गोष्ट काढायची. मघाशी हात वर केलेल्या मुलाला आता बोलू द्या. त्याचं म्हणणं बरोबरच होतं, फक्त घाईचं होतं. आता त्याच्याकडे ओळ आहे.

अलंकारांचं थोडक्यात. शाळेत ते व्याख्येने शिकवतात, मी वाक्य बदलून शिकवते. 'पाखरे मुनींसारखी उभी' ही उपमा. 'पाखरे म्हणजे जणू मुनीच' ही उत्प्रेक्षा. 'पाखरे हे मुनीच' असं दोघांना एकरूप मानलं की रूपक. 'भरतीने अक्षरं पुसली' इथे निर्जीव भरती माणसासारखी वागते, ही चेतनगुणोक्ती. पक्ष्यांचं एकच चित्र तीन प्रकारे फिरवलं की 'सारखी' आणि 'जणू' या खुणा डोक्यात राहतात.

सहावी पायरी: उत्तर लिहिणं

वाचन कितीही चांगलं झालं तरी गुण कागदावरच मिळतात, तेव्हा थोडं त्याबद्दल. राज्य मंडळाच्या दहावीच्या कुमारभारतीच्या, म्हणजे प्रथम भाषा मराठीच्या, ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत (प्रश्नपत्रिकेत) पद्य विभागाला १६ गुण आहेत, आणि गद्यात ४ गुण अपठित उताऱ्याला. म्हणजे न पाहिलेला मजकूर वाचता येणं ही आता सोय राहिली नाही, गरज आहे.

चौकटी, आकृतिबंध, जोड्या या कृतींत स्वतःचे शब्द वापरायचे नाहीत. उताऱ्यातलाच शब्द, त्याच रूपात. मुलं इथे उगाच 'सुंदर भाषा' करायला जातात. 'पुढील अर्थाची ओळ शोधा' म्हटलं की पूर्ण ओळ लिहायची. 'स्पष्ट करा' म्हटलं की मी तीन वाक्यांचा साचा देते. पहिल्यात काय म्हटलंय, दुसऱ्यात कुठल्या शब्दांवरून, तिसऱ्यात त्यातून काय सुचतं.

समजा प्रश्न आहे: 'खिडकीत नाही कुणी' या ओळीतला विचार स्पष्ट करा. नेहमी येणारं उत्तर असं असतं: 'या ओळीतून कवयित्रीने आधुनिक माणसाच्या धकाधकीच्या जीवनाचे विदारक चित्र रेखाटले आहे. निसर्गाचे महत्त्व पटवून दिले आहे.' हे वाक्य कुठल्याही कवितेखाली चालेल, म्हणून ते कुठल्याच कवितेचं उत्तर नाही. बाजारातल्या मार्गदर्शक पुस्तकांमध्ये असली वाक्यं पानोपानी असतात, मुलं ती घोकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आता त्या आठवीतल्या मुलाने लिहिलेलं बघा: 'गाडी गच्च भरलेली आहे, तरी खिडकीत कुणी नाही असे कवयित्री म्हणते. म्हणजे माणसे आहेत, पण बाहेर पाहणारे कुणी नाही. खाली पक्षी मुनींसारखे एकाग्र उभे आहेत आणि वर माणसांचे लक्ष कुठेच नाही, हा विरोध या ओळीतून जाणवतो.' एकही भारी शब्द नाही, आणि पूर्ण गुणांचं उत्तर आहे.

रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन भाग अपेक्षित असतात. आपण केलेली तीन वाचनं उलट्या क्रमाने तिथे जाऊन बसतात. अडकवणाऱ्या जागांतून मिळालेला अर्थ आशयात, चित्रं आणि अलंकार काव्यसौंदर्यात, कानाने ऐकलेला छंद, यमक आणि शब्दांची निवड भाषेत. वेगळी तयारी लागत नाही.

वेळ कमी असेल तर परीक्षेत आधी प्रश्न वाचा, मग कविता. पण घरी कधीही असं करू नका. घरी कविता आधी.

घराबाहेरचं वाचन

पुस्तकाबाहेर या सगळ्याला हवा मिळते. ठाण्यात तलावपाळीला गेलात तर मुलांना कौपीनेश्वराच्या देवळात न्या, नंदीसमोर बसवा आणि विचारा, नंदी देवाकडे तोंड करून का बसतो? घरी येऊन ती गोष्ट शोधू दे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. मुलाला घेऊन जा, त्याच्या हाताने पुस्तक निवडू दे, मग ते त्याच्या वयाला मोठं वाटलं तरी. नवी मुंबईच्या गावठाणांत आगरी-कोळी लग्नातली गाणी ऐकायला मिळतात. त्यांत देवांच्या कथाही असतात आणि ओळी पुन्हा पुन्हा येण्याची गंमतही, म्हणजे आपले दोन्ही विषय एकत्र. आजीला विचारून दोन ओळी लिहून आणा, असा अभ्यास मी दर दिवाळीत देते.

आणि शेवटी मुलाने स्वतः प्रश्न काढायचा. उत्तरं देणारं मूल वाचक होतंच असं नाही, प्रश्न काढणारं बहुतेक होतं. प्रत्येक कवितेखाली एक प्रश्न, ज्याचं उत्तर आपल्यालाही नक्की ठाऊक नाही.

माझ्या खाडीच्या कवितेखाली त्या सातवीतल्या मुलीने लिहिलं: 'भगीरथ कोण आहे, पक्षी की गाडीतला कुणी माणूस?' लिहिताना मला पक्षीच अपेक्षित होता. ती म्हणाली, "बाई, मुनी अनेक आहेत. 'उभे' लिहिलंय. आणि भगीरथ एकटा आहे, 'विचारतो'. म्हणजे तो वेगळा कुणीतरी असणार. बघणारा." शेजारचा मुलगा म्हणाला, नाही, मुनींपैकीच एक पुढे येऊन विचारतोय. दोघांचीही बोटं ओळीवर होती. पावणेसहा झाले, हॉल सहाला रिकामा करायचा होता, आणि ती दोघं दारातून बाहेर पडतानाही भांडत होती.